मार्शा लिनेहॅन

मार्शा एम. लिनेहॅन (जन्म : ५ मे १९४३, टल्सा, ओक्लाहोमा) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ असून सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. तीव्र आत्मघाती प्रवृत्ती आणि सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या व्यक्तींसाठी त्यांनी विकसित केलेली ‘द्वंद्वात्मक वर्तनोपचार’ ही पद्धती ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ किंवा ‘डीबीटी’ या नावाने जगभर ओळखली जाते. ज्या रुग्णांना एके काळी असाध्य समजले जात असे, त्यांच्यावरील उपचारांचा परिणाम नियंत्रित चाचण्यांच्या कसोटीवर तपासून दाखवणे, हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य कार्य मानले जाते. तारुण्यात आपण स्वतःही अशाच अवस्थेतून गेलो होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले.

पूर्वायुष्य

लिनेहॅन यांचा जन्म टल्सा शहरातील एका सुस्थित कॅथलिक कुटुंबात झाला. सहा भावंडांत त्या तिसऱ्या. वडील तेल उद्योगात वरिष्ठ पदावर होते. शाळेत हुशार म्हणून परिचित असलेल्या लिनेहॅन यांची मानसिक अवस्था शालेय शिक्षणाच्या अखेरीस अत्यंत बिघडली. मार्च १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे त्या २६ महिने होत्या. त्यांच्या आजाराचे निदान छिन्नमनस्कता असे करण्यात आले. त्यांना तीव्र औषधे आणि विद्युत्‌झटक्यांचे उपचार देण्यात आले. बराच काळ एकांतकोठडीतही ठेवण्यात आले. यांपैकी कशाचाही फारसा उपयोग झाला नाही. छिन्नमनस्कतेचे ते निदान चुकीचे होते आणि आपली लक्षणे सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराशी जुळणारी होती, असे मत त्यांनी पुढे व्यक्त केले.

मे १९६३ मध्ये रुग्णालयातून बाहेर पडल्यावरही त्यांची प्रकृती लगेच सुधारली नाही. त्या शिकागोला गेल्या, एका विमा कंपनीत कारकुनी करू लागल्या आणि लोयोला विद्यापीठात सायंकालीन वर्गांना जाऊ लागल्या. १९६७ मध्ये शिकागोतील एका प्रार्थनामंदिरात आलेल्या धार्मिक अनुभूतीनंतर स्वतःकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली, असे त्यांनी सांगितले आहे. आपण जशा आहोत तसा स्वतःचा स्वीकार करणे, हे त्या अनुभवाचे सार होते. पुढे त्यांच्या उपचारपद्धतीत ‘संपूर्ण स्वीकार’ या कल्पनेला जे मध्यवर्ती स्थान मिळाले, त्याचे एक मूळ येथे दिसते.

शिक्षण व अध्यापन

लोयोला विद्यापीठातून लिनेहॅन यांनी १९६८ मध्ये पदवी, १९७० मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७१ मध्ये पीएच.डी. संपादन केली. त्यानंतर न्यूयॉर्क राज्यातील बफलो येथील आत्महत्या-प्रतिबंधक सेवाकेंद्रात त्यांनी एक वर्ष उमेदवारी केली. पुढील वर्षी स्टोनी ब्रूक येथील विद्यापीठात त्यांनी वर्तनोपचाराचे प्रशिक्षण घेतले. बफलोमध्ये आत्महत्येच्या उंबरठ्यावरील माणसांशी थेट संबंध आला आणि स्टोनी ब्रूकमध्ये वर्तनोपचाराचे शास्त्र हाती आले. या दोन्हींची सांगड घालणे हेच पुढे त्यांचे जीवनकार्य ठरले.

१९७३ पासून त्या वॉशिंग्टन डी.सी. येथील कॅथलिक विद्यापीठात शिकवीत होत्या. १९७७ मध्ये त्या सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रुजू झाल्या आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिल्या. तेथे त्यांनी वर्तनविषयक संशोधन व उपचार केंद्र चालवले. या केंद्रात विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण, रुग्णांवरील उपचार आणि संशोधन ही तिन्ही कामे एकत्र होत.

आरंभीचे संशोधन

सत्तरच्या दशकात लिनेहॅन यांचा अभ्यासविषय ‘ठामपणा’ हा होता. स्वतःची बाजू आक्रमक न होता मांडता येणे हे कौशल्य शिकवता येते का आणि ते कसे शिकवावे, या प्रश्नांवर त्यांनी संशोधन केले. जे वर्तन स्वभावाचा भाग वाटते, त्यामागे अनेकदा कौशल्याचा अभाव असतो, हा विचार त्यातून पुढे आला आणि तो त्यांच्या नंतरच्या कामातही टिकून राहिला.

१९८३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘जगण्याची कारणे’ मोजणारी ४८ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्या काळातील बहुतेक मापनसाधने माणसाला मरावेसे का वाटते याचा शोध घेत असत. लिनेहॅन यांनी प्रश्न उलटा केला : मरणाचा विचार मनात येऊनही माणूस जगतो, ते कशाच्या आधारावर? या प्रश्नावलीत जगण्याविषयीच्या व संकटाला तोंड देण्याविषयीच्या धारणा, कुटुंबाबद्दलची जबाबदारी, मुलांची काळजी, आत्महत्येची भीती, लोकापवादाचे भय आणि नैतिक आक्षेप असे सहा गट आहेत.

द्वंद्वात्मक वर्तनोपचाराचा उगम

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९८० च्या निदानपुस्तिकेत सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराला प्रथमच अधिकृत स्थान मिळाले. भावनांची तीव्र व वेगाने होणारी उलथापालथ, आपले माणूस सोडून जाईल ही सततची धास्ती, अस्थिर नातेसंबंध, स्वतःविषयीची अस्पष्ट प्रतिमा, उतावळेपणा आणि स्वतःला इजा करून घेणे ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. असे रुग्ण उपचार अर्धवट सोडतात, चिकित्सकांना थकवतात आणि सुधारत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. अनेक चिकित्सक असे रुग्ण घेण्यास नाखूश असत.

लिनेहॅन यांना मुळात आत्मघाती वर्तनावर संशोधन करायचे होते. परंतु शासकीय संशोधन-अनुदानासाठी विशिष्ट मनोविकाराचे निदान असलेला रुग्णगट निवडणे आवश्यक होते. त्यामुळे आत्मघाती वर्तन ज्यात वारंवार आढळते, असा हा विकार त्यांनी निवडला. सर्वांत कठीण रुग्ण पाठवावेत, अशी विनंती त्यांनी परिसरातील रुग्णालयांना केली होती.

प्रारंभी त्यांनी प्रचलित वर्तनोपचार वापरला. या उपचाराचा सगळा भर बदलावर होता. चुकीचे विचार आणि घातक सवयी शोधायच्या व त्या बदलायच्या, ही त्याची रीत. रुग्णांना मात्र ‘दोष तुझाच आहे’ असे आपल्याला सांगितले जात आहे, असे वाटे. ते संतापत किंवा उपचार सोडून जात. मग लिनेहॅन यांनी बदलाचा आग्रह सोडून केवळ सहानुभूतीने ऐकून घेण्याचा मार्ग अवलंबला. तेव्हा रुग्णांना वाटू लागले की, आपल्या असह्य परिस्थितीतून बाहेर काढण्यासाठी कोणी काहीच करीत नाही. एकटा बदल आणि एकटा स्वीकार हे दोन्ही उपाय अपुरे ठरले.

यातून जी भूमिका तयार झाली ती अशी : रुग्ण या क्षणी त्याच्या परीने होईल तितका प्रयत्न करीतच आहे, आणि तरीही त्याने अधिक प्रयत्न करून बदलणे आवश्यक आहे. वरवर परस्परविरोधी दिसणारी ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. दोन विरोधी बाजूंच्या ताणातून पुढची वाट काढण्याच्या या रीतीला तत्त्वज्ञानात द्वंद्वात्मक रीत म्हणतात. मराठी वाचकाला ती मार्क्सवादी लेखनातील ‘विरोधविकास’ या शब्दामुळे परिचित आहे. उपचारपद्धतीच्या नावातील ‘द्वंद्वात्मक’ हा शब्द या अर्थाने आला आहे.

स्वीकाराचे शिक्षण कसे द्यावे, या प्रश्नाचे उत्तर लिनेहॅन यांना झेन परंपरेत मिळाले. त्यांनी कॅलिफोर्नियातील एका झेन मठात साधना केली. पुढे बेनेडिक्टाइन साधू व झेन आचार्य विलिगिस येगर यांच्याकडे जर्मनीत त्या शिकल्या आणि कालांतराने स्वतः झेन शिक्षिका झाल्या. ‘झेन’ हा शब्द संस्कृत ‘ध्यान’ शब्दाचे, चिनी ‘चान’मार्गे झालेले जपानी रूप आहे. मात्र रुग्णांसमोर झेन मांडताना त्यांनी त्यातील धार्मिक भाग बाजूला ठेवला. निरीक्षण करणे, जे दिसते त्याचे शब्दांत वर्णन करणे, निवाडा न करणे अशा साध्या व सराव करता येण्याजोग्या कृतींत त्यांनी ध्यानाची फोड केली.

जैवसामाजिक सिद्धांत

या विकाराचे मूळ दोन घटकांच्या परस्परक्रियेत आहे, असे लिनेहॅन यांचे प्रतिपादन आहे. पहिला घटक जैविक भावनिक संवेदनशीलता हा होय. काही व्यक्ती जन्मतःच भावनांना चटकन प्रतिसाद देतात, तो प्रतिसाद तीव्र असतो आणि मन पूर्वस्थितीवर येण्यास वेळ लागतो. दुसरा घटक म्हणजे भावनेला मान्यता नाकारणारा परिसर. मूल घाबरले असता ‘यात घाबरण्यासारखे काय आहे?’ आणि दुखावले असता ‘उगाच नाटके करू नकोस’ असे वारंवार ऐकू आले, तर स्वतःच्या अनुभवावर विश्वास कसा ठेवावा हे ते शिकत नाही. साधे दुःख सांगून कोणी लक्ष देत नाही आणि टोकाचा उद्रेक झाल्यावरच लक्ष दिले जाते, असे घडत गेले, तर उद्रेक हीच व्यक्त होण्याची भाषा बनते.

या सिद्धांतात केवळ पालकांना दोष दिलेला नाही. तीव्र भावनांचे मूल वाढवणे कोणत्याही कुटुंबाला अवघड असते. मुलाच्या प्रतिक्रियेने परिसर बदलतो आणि परिसराने मूल बदलते. लैंगिक अत्याचार हे मान्यता नाकारण्याचे अत्यंत गंभीर रूप होय, असे लिनेहॅन यांनी म्हटले आहे. या दृष्टीने पाहता स्वतःला इजा करणे म्हणजे लक्ष वेधण्याचा डाव नसून असह्य भावना शमवण्याचा घातक उपाय ठरतो. म्हणून तो उपाय सोडायला लावताना त्याच्या जागी दुसरा सुरक्षित उपाय देणे अपरिहार्य ठरते.

उपचारांची रचना

संपूर्ण उपचार साधारणतः एक वर्ष चालतो. त्याचे चार भाग आहेत :

१. व्यक्तिगत उपचार. आठवड्यातून एकदा रुग्ण व चिकित्सक भेटतात. रुग्ण रोजच्या भावना, ऊर्मी आणि कृती एका नोंदपत्रावर लिहून आणतो. जिवाला धोका निर्माण करणारे वर्तन प्रथम, उपचारात अडथळा आणणारे वर्तन त्यानंतर आणि जगण्याची प्रत खालावणारे प्रश्न त्याही नंतर, असा चर्चेचा क्रम ठरलेला असतो. घातक कृती घडली असल्यास ती कोणत्या प्रसंगापासून कोणकोणत्या दुव्यांनी तेथवर पोहोचली, याचे ‘साखळी-विश्लेषण’ केले जाते.

२. कौशल्य-प्रशिक्षण. हे गटात, वर्गाच्या स्वरूपात होते. त्यात गृहपाठही असतो.

३. दूरध्वनीवरील मार्गदर्शन. संकटाच्या क्षणी, घातक कृती घडण्यापूर्वी, रुग्णाने चिकित्सकाला फोन करावा आणि शिकलेले कौशल्य प्रत्यक्षात कसे वापरायचे हे विचारावे, अशी अपेक्षा असते.

४. चिकित्सकांचा सल्ला-गट. असे रुग्ण हाताळणारे चिकित्सकही भयभीत, हताश किंवा कठोर होऊ शकतात. त्यामुळे ते दर आठवड्याला एकत्र येऊन परस्परांना सावरतात. हा गट उपचाराचाच अविभाज्य भाग मानला जातो.

चार कौशल्ये

कौशल्य-प्रशिक्षणाचे चार विभाग आहेत. ‘सजगता’ हा त्यांचा पाया होय. भावनेच्या आहारी गेलेले मन आणि केवळ तर्काने चालणारे मन यांच्या मिलाफाला लिनेहॅन ‘सुज्ञ मन’ म्हणतात. ते प्रत्येकात असते, असे गृहीत धरून त्याचा शोध घ्यायला शिकवले जाते.

‘क्लेश-सहन’ या विभागात, जे दुःख तत्काळ दूर करता येत नाही ते परिस्थिती अधिक न बिघडवता कसे सोसावे, हे शिकवतात. चेहऱ्याला थंड पाण्याचा स्पर्श देऊन शरीराचा क्षोभ उतरवण्यासारख्या शारीरिक युक्त्या त्यात आहेत, तसाच वस्तुस्थितीचा संपूर्ण स्वीकारही आहे. स्वीकार म्हणजे संमती नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले जाते. घडले ते योग्य होते असे न म्हणताही ते घडले आहे हे मान्य करता येते.

‘भावनियमन’ या विभागात भावना ओळखणे, तिला नाव देणे, ती वस्तुस्थितीशी जुळते का हे तपासणे आणि न जुळल्यास तिच्या विरुद्ध कृती करणे शिकवतात. उदाहरणार्थ, विनाकारण भीतीमुळे टाळावीशी वाटणारी गोष्ट टप्प्याटप्प्याने करणे. चौथा विभाग ‘परस्परसंबंधांतील परिणामकारकता’ हा आहे. नाते व स्वाभिमान राखून मागणी कशी करावी आणि नकार कसा द्यावा, हे त्यात येते. लिनेहॅन यांच्या ठामपणाविषयीच्या जुन्या संशोधनाचा धागा येथे स्पष्ट दिसतो.

परिणामकारकतेच्या चाचण्या

लिनेहॅन यांची पहिली यादृच्छिक नियंत्रित चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ४४ स्त्रियांचा समावेश होता. एका गटाला वर्षभर द्वंद्वात्मक वर्तनोपचार आणि दुसऱ्याला समाजात उपलब्ध असलेले नेहमीचे उपचार मिळाले. पहिल्या गटात स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी झाले, उपचारात टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण बरेच अधिक होते आणि वर्षभरातील रुग्णालयातील मुक्काम सरासरी सुमारे ८ दिवसांचा होता. दुसऱ्या गटात तो सुमारे ३९ दिवसांचा होता. मात्र नैराश्य आणि हताशपणा या बाबतींत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. वर्तन आधी सुधारते आणि मनाची वेदना मागाहून ओसरते, हे या निष्कर्षातून सूचित झाले.

नेहमीचे उपचार देणारे चिकित्सक पुरेसे कुशल नसतील, असा आक्षेप या चाचणीवर घेता येण्याजोगा होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत म्हणून तुलनेसाठी अशा रुग्णांच्या उपचारांत तज्ज्ञ म्हणून नावाजलेले चिकित्सक निवडण्यात आले. १०१ स्त्रियांचा एक वर्ष उपचार व एक वर्ष पाठपुरावा असा अभ्यास झाला. द्वंद्वात्मक वर्तनोपचार घेतलेल्या गटात आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २३ टक्के, तर तज्ज्ञांच्या गटात ४६ टक्के होते.

उपचाराचा नेमका कोणता भाग उपयोगी पडतो, याचा शोध २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९९ स्त्रियांच्या चाचणीत घेण्यात आला. पूर्ण उपचार, कौशल्य-प्रशिक्षणावर भर असलेला उपचार आणि कौशल्य-प्रशिक्षण वगळलेला व्यक्तिगत उपचार अशा तीन गटांत आत्महत्येचे प्रयत्न सारख्याच प्रमाणात घटले. परंतु स्वतःला इजा करण्याचे वर्तन, कौशल्य-प्रशिक्षण असलेल्या गटांत अधिक कमी झाले. किशोरवयीन मुलांसाठी अ‍ॅलेक मिलर व जिल रॅथस यांनी या पद्धतीचे रूपांतर केले. त्यात पालकांनाही सहभागी करून घेतात आणि पालक व मूल यांच्यातील ‘मध्यम मार्ग’ हा स्वतंत्र विषय शिकवतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७३ किशोरवयीनांच्या चाचणीतही या पद्धतीचा लाभ दिसून आला. व्यसनाधीनता व आहारविषयक विकार यांसाठीही तिची रूपे तयार झाली आहेत.

टीका व मर्यादा

ही एकच पद्धती परिणामकारक आहे, असे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोरांटोतील १८० रुग्णांच्या चाचणीत द्वंद्वात्मक वर्तनोपचार आणि पद्धतशीर सर्वसाधारण मनोविकार-उपचार या दोहोंनी सारखीच सुधारणा झाली. अँथनी बेटमन व पीटर फॉनागी यांची मनोबोधावर आधारित पद्धती, तसेच ऑटो कर्नबर्ग यांच्या विचारांवर उभी असलेली मनोविश्लेषक पद्धती यांनाही पुरावा आहे. आरंभीच्या चाचण्यांतील रुग्णसंख्या लहान होती आणि बहुतेक सहभागी स्त्रिया होत्या, ही आणखी एक मर्यादा होय.

व्यवहारातील अडचण खर्चाची आहे. चार भागांचा पूर्ण उपचार देण्यासाठी प्रशिक्षित चिकित्सकांचा संघ लागतो. अनेक ठिकाणी केवळ कौशल्य-वर्ग चालवून त्यालाच हे नाव दिले जाते. प्रशिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी लिनेहॅन यांनी प्रशिक्षण-संस्था स्थापन केली आणि चिकित्सकांना प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था उभारण्यास चालना दिली.

जाहीर निवेदन

लिनेहॅन यांच्या हातांवरील जुने व्रण पाहून एका रुग्ण स्त्रीने, तुम्हीही आमच्यापैकीच का, असे त्यांना सरळ विचारले होते. तसे असेल तर आम्हा सर्वांना आशा वाटेल, असे तिचे म्हणणे होते. जून २०११ मध्ये, ज्या रुग्णालयात त्यांनी २६ महिने काढले होते, तेथेच आप्तस्वकीय व चिकित्सकांसमोर लिनेहॅन यांनी आपली कहाणी सांगितली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तिला प्रसिद्धी दिली. इतकी वर्षे मौन पाळल्यामुळे उपचारपद्धतीचे मूल्यमापन तिच्या निर्मातीच्या चरित्रावरून न होता पुराव्यावरून झाले. निवेदनानंतर, या विकारातून बाहेर पडून भरीव काम करता येते, याचे ठळक उदाहरण समाजासमोर आले.

भारतीय संदर्भ

मराठी वाचकांना बोधात्मक-वर्तनोपचारांच्या परिवारातील विवेकनिष्ठ मानसोपचार अधिक परिचित आहे. अल्बर्ट एलिस यांची ती पद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. द्वंद्वात्मक वर्तनोपचार त्याच परिवारातील पुढच्या पिढीचा मानला जातो. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा न करता शासनाने तिची काळजी घ्यावी, अशी तरतूद भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम ११५ अन्वये आहे. आत्मघाती वर्तनाकडे अपराध म्हणून न पाहता वेदनेचे लक्षण म्हणून पाहण्याची लिनेहॅन यांची भूमिका या तरतुदीशी जुळणारी आहे. मानसिक संकटातील व्यक्तींसाठी भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

प्रमुख ग्रंथ

१९९३ मध्ये लिनेहॅन यांचे दोन आधारग्रंथ प्रसिद्ध झाले : सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारावरील बोधात्मक-वर्तनोपचाराचा ग्रंथ आणि कौशल्य-प्रशिक्षणाची पुस्तिका. पुस्तिकेची विस्तारित दुसरी आवृत्ती २०१५ ची असून तिची व्याप्ती एका विकारापुरती मर्यादित नाही. ‘बिल्डिंग अ लाइफ वर्थ लिव्हिंग’ हे त्यांचे आत्मकथन २०२० मध्ये प्रकाशित झाले. जगण्याजोगे जीवन उभे करणे, हा त्या शीर्षकाचा आशय. केवळ मृत्यू टाळणे हे उपचाराचे ध्येय त्यांनी कधीच पुरेसे मानले नाही.

सन्मान

आत्महत्या-प्रतिबंधाच्या क्षेत्रातील आजीवन कार्यासाठी लिनेहॅन यांना १९९९ मध्ये लुई डब्लिन पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल फाउंडेशनचे मानसशास्त्राच्या उपयोजनासाठीचे सुवर्णपदक आणि २०१७ मध्ये मानसशास्त्रासाठीचा ग्रॉमायर पुरस्कार त्यांना प्राप्त झाला. अमेरिकेतील वर्तनोपचार संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांत, वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराच्या स्त्रियांसाठी या उपचारपद्धतीचा विचार करावा, असे नमूद केले आहे.